वाऱ्याची पिशवी

१

तळेवाडीच्या माळावर हेलिकॉप्टर पडलं ते सोमवारी सकाळी पावणेनऊला. मी जीप घेऊन पोचलो तोवर साडेदहा झाले होते. आग विझली होती, पण कीटकनाशकाचा उग्र वास माळभर साचला होता आणि गावकरी नाकाला पदर, टॉवेल लावून लांब उभे होते. मधे नळ्यांचा काळा सांगाडा एका कुशीवर पडलेला. एवढ्याशा यंत्रात बसून माणूस आभाळात जातो, हे मला तोवर नीटसं खरंही वाटत नव्हतं.

साल १९७४, महिना ऑक्टोबर. होटगीच्या पलीकडच्या पट्ट्यात उसावर कीड पडली होती. बागायतदारांच्या संघानं फवारणीसाठी मुंबईहून हेलिकॉप्टर भाड्यानं आणलं होतं. संघाचं नाव मी सांगणार नाही, त्यातली निम्मी माणसं भली होती. माळावरचे दगड वेचून, चुन्याचं मोठं वर्तुळ आखून उतरायची जागा केलेली. बाजूला एक तंबू, औषधाची पिंपं, आणि वीस फुटी खांबावर वारा कुठून येतो हे दाखवणारी लांबट कापडी पिशवी. वैमानिक हिंदुराव नवगिरे, वय बत्तीस, दवाखान्यात नेताना वाटेतच गेला होता.

संघाचा मॅनेजर रणदिवे माझी वाटच बघत होता. पांढरा बुशशर्ट, तेल लावून बसवलेला भांग, आणि उत्तर तयार. प्रश्नाआधी उत्तर तयार असलेली माणसं मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून आवडत नाहीत, पण तो माझ्या स्वभावाचा दोष समजा.

"फौजदारसाहेब, दुःख आहेच, पण लपवून काय उपयोग?" तो म्हणाला. "हे यंत्र नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरवायचं असतं. वारा पाठीमागून आला की ते दबतं. आज वारा उगवतीचा, आणि नवगिरे उगवतीकडूनच आले. पाठीवर वारा घेऊन. ती पिशवी बघा, कशी ताठ उभी आहे. एवढी निशाणी समोर असून माणूस चुकतो म्हणजे..." त्यानं आवाज उतरवला. "रात्री जरा जास्त झाली असावी. तंबूत बाटली आहे."

बाटली मी हुंगली. कंदिलाचं रॉकेल होतं. रणदिवे "असं होय" म्हणाला आणि जराही न ओशाळता पुढं बोलत राहिला.

पिशवीबद्दल मात्र तो खरं बोलत होता. पातळ पांढऱ्या कापडाची ती पिशवी वाऱ्यानं फुगून मावळतीकडं शेपूट करून ताठ उभी होती. मी पंचनाम्यात तसं लिहिलं. दिल्लीहून चौकशीचे साहेब शुक्रवारी येणार होते, तोवर कागद माझ्याकडे होते, आणि माझ्या कागदात जे लिहिलं जाईल तेच बहुतेक पुढं कायम होणार होतं.

संध्याकाळी मुलाला अग्नी देऊन एक म्हातारा ठाण्यात आला. कोंडीबा नवगिरे, राहणार कुर्डुवाडी. रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता, आता घरी बसलेला. मी खुर्ची दिली तरी बसला नाही.

"साहेब, मी छत्तीस वर्सं इंजिन चालवलं. एकदाबी सिगनल मोडला न्हाय," तो म्हणाला. "पोराला ल्हानपणापास्नं एवढंच शिकवलं. हितं लोक म्हणत्यात, दारू प्याला हुता, समोरचं निशाण बघितलं न्हाय. त्याची आई घरी हाय, त्यो कसा गेला त्ये तिला मी अजून सांगितलेलं न्हाय. मला एवढंच कळू द्या. माझ्या पोरानं सिगनल मोडला का?"

मी म्हणालो, "चौकशी चालू आहे."

"मग मी थांबतो," कोंडीबा म्हणाला आणि स्टेशनजवळच्या धर्मशाळेत जाऊन राहिला.

२

मंगळवारी मी पहिल्यांदा मेकॅनिकला गाठलं. जोतीराम शेटे, तेलानं काळवंडलेल्या हातांचा, रडून डोळे सुजलेला. पंपाचे वॉशर आणायला तो रविवारी संध्याकाळीच सोलापूरला गेला होता आणि सोमवारी दहाच्या एस.टी.नं परतला होता. कंडक्टरनं ते खरं असल्याचं सांगितलं.

"पंप अडकला असणार, साहेब," तो म्हणाला. "औषधाच्या दोन्ही टाक्या भरलेल्याच परत आल्या. भरल्या टाक्यांनी वारा पाठीवर घेऊन नवगिरेसाहेब उतरतील? शक्य नाही. रिकाम्या टाक्या असल्या तरी ते माळावर एक गिरकी घ्यायचे, पिशवी बघायचे, मगच खाली यायचे. तीन महिन्यांत एक दिवस चुकले नाहीत."

"पिशवी नीट होती?"

"शेवटाकडं फाटली होती. नवी मागवा म्हणून साहेबांनी मॅनेजरला तीनदा सांगितलं, माझ्यासमोर. पण फाटकी असली तरी वारा दाखवायची."

मग मी सोजरबाईकडं गेलो. माळाला लागून तिचं खळं. साठीची बाई, अंगानं वाळलेली, जिभेनं नाही. अपघात तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिला होता.

"उडीद उपणत हुते की मी," ती म्हणाली. "हितं, तिवईवर उभी. त्ये उगवतीकडनं आलं, माळावर एक गिरकी मारली, आनि परत उगवतीकडनंच खाली यायला लागलं. खाली येता येता एकदम बसलं बगा. बसलं, आनि कलंडलं."

म्हणजे गिरकी घेतली होती. पिशवी बघितली होती.

"सोजरबाई, त्या वेळी वारा होता?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी वर्दीत आहे हे मला आठवावं लागलं. "वारा नसंल तर उपणाय कशाला उभी ऱ्हाईन? आट वाजल्यापास्नं उगवतीचा वारा लागला हुता, चांगला एकसारका. पाटी वर धरली की भुसा त्या बांधापतोर जायचा."

"आणि खांबावरची पिशवी?"

"ती का? ती गप लोंबत हुती. खुंटीवरच्या झोळीगत."

मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती पाटी खाली ठेवून म्हणाली, "मी काय हातानं भुसा उडवत हुते व्हय?"

ज्या वाऱ्यानं भुसा बांधापर्यंत उडत होता, त्याच वाऱ्यात पिशवी मेल्यासारखी लोंबत होती. आणि पावणेदोन तासांनी, वारा तोच असताना, ती माझ्यासमोर ताठ उभी होती. दोन्ही गोष्टी खऱ्या असायच्या तर एकच मार्ग होता. ती पिशवी ही नव्हती.

३

मी थेट खांबापाशी गेलो. पिशवी चढवायला दोरी आणि कप्पी होती, दोरीला लोखंडी कडं, त्यात पिशवीचं तोंड अडकवायचं. पिशवी खाली घेतली. शेवटाकडं वीतभर फाटलेली, जोतीरामनं सांगितली तशीच. म्हणजे जुनीच. पण कड्याच्या गंजलेल्या जोडात सुताचा एक तुकडा अडकला होता, बोटभर, मरून रंगाचा.

तुम्ही सोलापूरचे नसाल तर त्या तुकड्यात तुम्हाला काही दिसणार नाही. माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मागवाल्यांचे मुकादम होते. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचो आणि येताना खिसे सुताच्या तुकड्यांनी भरून आणायचो. साडीचं सूत वेगळं, धोतराचं वेगळं. हे जाड, ऊबदार, कमी पिळाचं सूत कशाचं, ते मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. ते चादरीचं होतं.

चादर खांबावर कशासाठी चढेल? मी तिथंच उभा राहून विचार करत होतो, तोवर सोजरबाई बांधापर्यंत आली. मघाशी चिडली होती, त्याची भरपाई म्हणून असेल.

"साहेब, एक सांगू का? तुमी इचारलं न्हाय म्हणून ऱ्हाईलं. आग लागली तवा सगळी तिकडं पळाली. मीबी पळाले. पन एक मानूस उलटा पळत हुता. खांबाकडं."

"कोण?"

"त्वांड दिसलं न्हाय. लांब हुता की. निस्ता पळताना दिसला."

त्या वेळी माळावर संघाची माणसं दोनच होती. जोतीराम एस.टी.त होता. उरले मॅनेजर रणदिवे आणि राखणदार कल्लप्पा. आणि कल्लप्पा तर आगीत शिरला होता. नवगिऱ्यांना त्यानंच पट्टे तोडून बाहेर ओढलं होतं. तो सिव्हिल हॉस्पिटलात होता, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले.

मी तडक हॉस्पिटलात गेलो. कल्लप्पा पन्नाशीचा, आधी मागावर चादरी विणायचा. मागाची पाळी बंद पडल्यावर संघात राखणदार म्हणून लागलेला. दोन्ही हात बँडेजमध्ये, फक्त डाव्या हाताचा अंगठा मोकळा. मी त्याच्या धीराचं कौतुक केलं तर त्याच्या डोळ्यांना धार लागली. मग मी विचारलं, "कल्लप्पा, खांबावर त्या दिवशी कुठली पिशवी होती?"

त्याचं रडणं थांबलं. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं, ते मी उठेपर्यंत.

४

गुन्हेगार असा तोंड फिरवत नाही. तो बोलतो, भरपूर बोलतो. मला त्या माणसाची भीती वाटली नाही, त्याच्यासाठी वाटली.

बुधवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको निंगव्वा चुलीपुढं बसली होती. तिला मी तिच्याच बोलीत, कानडीत, दोन शब्द बोललो, तेव्हा तिनं बसायला पाट दिला. भिंतीशी पेटीवर एक चादर घडी घालून ठेवली होती. मरून आणि पांढरी, कडेला मोरांची नक्षी. इतकी सुबक की मी हात पुसून मगच तिला लावला.

"त्यांच्या शेवटच्या पाळीत विणले ते," निंगव्वा म्हणाली. "दोन विणले. लेकीच्या बाळंतपणाला ठेवले मी."

"दुसरी कुठं आहे?"

"रविवारी घेऊन गेले की माळावर. मी म्हणाले, चांगली चादर कशाला नेता? तर म्हणाले, नवगिरेसाहेबाची पिशवी फाटलंय, तो रोज मला जेवलास का विचारतो, त्याला चांगली मजबूत पिशवी शिवून देतो. मैदाबी नेले, खळ करायला."

खळ म्हटल्याबरोबर मला सगळं लख्ख दिसलं, आणि ते दिसू नये असंही वाटलं. मागावर उभं आयुष्य काढलेला माणूस. कापड फाटलं म्हणजे कापड कच्चं, एवढं त्याला कळतं. मग तो सगळ्यात पक्कं कापड घेतो, ते दुहेरी शिवतो, वर खळ देऊन कडक करतो. सुताला बळ येतं ते खळीनं, हे त्याला लहानपणापासून माहीत. पण वाऱ्याच्या पिशवीला बळ नको असतं. तिला थोडक्या वाऱ्यानंही हलायचं असतं.

"निंगव्वा, ही चादर मला लागेल," मी म्हणालो. "कापावी लागेल."

तिनं चादरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "कापल्यावर ते सुटतील की अडकतील?"

"खरं सांगतो, मला माहीत नाही. पण जो मेला त्याच्या नावावरचा डाग जाईल."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग उठली आणि स्वतःच कात्री घेऊन आली.

५

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी सगळ्यांना माळावर बोलावलं. रणदिवे आला, जोतीराम आला. धर्मशाळेतून कोंडीबाला मी माझ्या जीपमधून आणलं. सोजरबाईला बोलवायची गरज नव्हती, ती खळ्यावर उभीच होती. साडेआठच्या सुमारास उगवतीचा वारा लागला आणि तिनं पहिली पाटी वर धरली. भुसा लांब उडत बांधावर गेला.

जोतीरामनं जुनी पांढरी पिशवी चढवली. ती लगेच फुगून ताठ झाली. ती उतरवून आम्ही दुसरी चढवली. निंगव्वानं रात्रभर शिवलेली, दुहेरी, खळ दिलेली. कप्पी कुरकुरली. पिशवी वर गेली आणि लोंबली. एखाददुसऱ्या झुळकीनं तिचं टोक किंचित उचललं, पुन्हा पडलं. सोजरबाई उपणतच होती. भुसा बांधावर जात होता आणि पिशवी गप होती.

"अशीच चादरीची पिशवी सोमवारी सकाळी हेलिकॉप्टर उडाल्यानंतर चढवली गेली," मी म्हणालो. "नवगिरे परत आले, गिरकी घेतली. खांबावर नवी कोरी पिशवी दिसली. तीनदा मागितलेली अखेर आली असं त्यांना वाटलं असेल. ती लोंबत होती, म्हणजे वारा नाही. वारा नाही तर कुठल्याही बाजूनं उतरा. टाक्या जड, ते जवळच्या बाजूनं उतरले. त्यांनी निशाण पाहिलं, आणि निशाण जे म्हणालं ते मानलं."

कोंडीबा पिशवीकडं बघत उभा होता.

"चूक कल्लप्पाची. पण कल्लप्पानं ती पिशवी उतरवली नाही. त्याचे हात तेव्हा आगीत होते. जोतीराम एस.टी.त होता. सगळं गाव जळत्या माणसाकडं धावत असताना एकजण खांबाकडं धावला, नवी पिशवी उतरवून जुनी चढवली, आणि मला ती ताठ उभी असल्याचं बोट करून दाखवलं. रणदिवे, ती पिशवी कुठं आहे?"

रणदिवेनं आधी सोजरबाईची नजर कमजोर असल्याचं ठरवलं, मग मला वरच्या ओळखी सांगितल्या. मी त्याला कड्यात सापडलेलं सूत दाखवलं आणि विचारलं, "पिंपं उघडू का एकेक?" तेव्हा तो औषधाच्या एका रिकाम्या पिंपावरच खाली बसला. पिशवी त्याच पिंपात होती.

"मी तीनदा टाळलं हे बाहेर आलं असतं," तो म्हणाला. "वर चादर चढवायला मीच हो म्हणालो होतो. कल्लप्पाला मी फक्त एवढंच सांगितलं, की बोललास तर फासावर जाशील."

एवढंच. मला त्या क्षणी त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, आणि आज इतक्या वर्षांनीही दिली नाही याचं थोडं वाईट वाटतं.

दुपारी मी कल्लप्पाचा जबाब घ्यायला हॉस्पिटलात निघालो. कोंडीबा म्हणाला, "मीबी येतो." नाही म्हणायचा हक्क मला नव्हता.

कल्लप्पानं सगळं सांगितलं. रविवारी रात्री कंदिलाशी बसून शिवलेली पिशवी, सकाळी हौसेनं चढवलेली. मग तो थांबला आणि पहिल्यांदाच कोंडीबाच्या डोळ्यांत बघितलं.

"मी त्याला बाहेर काढलो तेव्हा जिवंत होता. मला विचारला, कल्लप्पा, वारा कुठून हाय? मी वर बघितलो आणि मग धूर कुठं जातो बघितलो. तेव्हा मला कळलं. पण मी त्याला सांगितलो नाही. तुमच्या पोराला मी मारलो, मालक."

कोंडीबा कॉटच्या लोखंडी दांड्याला धरून उभा होता. मला वाटलं तो आता निघून जाईल, आणि गेला असता तर मी त्याला दोष दिला नसता.

मी जबाब वाचून दाखवला. कल्लप्पाला सही येत नव्हती. डावा अंगठा मोकळा होता, पण शाई लावल्यावर तो इतका थरथरायला लागला की कागदावर नुसते डाग पडू लागले. दोनदा कागद बदलला. तिसऱ्यांदा कोंडीबा पुढं आला. त्यानं कल्लप्पाचा डावा हात कोपराच्या वर धरला, जिथं बँडेज नव्हतं तिथं, हलकेच.

"दाबा," तो म्हणाला.

ठसा नीट उमटला. कोंडीबानं धोतराच्या सोग्यानं त्याच्या अंगठ्यावरची शाई पुसली. पुसायला त्याला बराच वेळ लागला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "घरी काय सांगणार?"

"सांगतो, पोरानं सिगनल मोडला न्हाय," तो म्हणाला. थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाला, "आनि त्याला आगीतनं काढाय एक मानूस गेला हुता, ह्येबी सांगतो. आई हाय ती. तिला दोन्ही कळाय पायजे."

मी त्याला स्टेशनवर सोडलं. कुर्डुवाडीची पॅसेंजर उभीच होती. तो इंजिनाकडं न बघता तिसऱ्या डब्यात चढला आणि खिडकीशी जाऊन बसला.